धक्क्यावरची माणसे कोठे गेली? : सागरचित्रांतील रिकामेपणाविषयी

निमगाव केतकीसारख्या गावात राहून समुद्रधक्क्याच्या छायाचित्रांविषयी लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव पानमळ्यांचे म्हणून ओळखले जाते. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला येते. समुद्राचा वारा मात्र येथवर पोहोचत नाही. असे असले तरी समुद्राचे चित्र आमच्या भागाला कधीच परके नव्हते. तालुक्याच्या गावांतील जुन्या फोटो स्टुडिओंत मागे सोडलेल्या रंगीत पडद्यावर निळा समुद्र, एखादी शिडाची होडी आणि माडांची रांग असे. ज्यांनी आयुष्यात खारे पाणी पाहिले नाही अशी कितीतरी नवपरिणीत जोडपी त्या समुद्रासमोर ताठ उभी राहून गेली. पुढे पडद्याची जागा केशकर्तनालयातील पोस्टरने आणि भिंतीवरच्या कॅलेंडरने घेतली. आता तेच चित्र रोज सकाळी ‘सुप्रभात’ अशा अक्षरांसह भ्रमणध्वनीवर येते.

या चित्राची मांडणी जवळजवळ ठरून गेली आहे. चौकटीच्या खालच्या कडेपासून निघालेला लाकडी किंवा दगडी धक्का निमुळता होत क्षितिजाकडे जातो. दोन्ही बाजूंचे पाणी दुधासारखे किंवा धुक्यासारखे गुळगुळीत असते. आकाश केशरी अथवा जांभळे असते, आणि धक्क्यावर कोणीही नसते. बाजूच्या वाळूवर पाऊल उमटलेले नसते, जाळे पसरलेले नसते, मासळीची टोपली नसते. हे चित्र पाहून मन शांत होते असे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या शांततेच्या किमतीचा. ही शांतता धक्क्याची आहे, की धक्क्यावरून काहीतरी काढून टाकल्यावर उरलेली आहे, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा.

धक्का ही मुळात उपयोगाची वस्तू आहे. जमीन जेथे संपते तेथे माणसाला आणि मालाला पाण्यावरून कोरड्या पायांनी उतरता यावे, एवढ्यासाठी तो बांधलेला असतो. मराठीत धक्का या शब्दातच आघाताची आठवण आहे. नाव येऊन टेकते, दोर फेकला जातो, कोणीतरी हात पुढे करतो. हे सारे घडत नसेल तर त्या बांधकामाला धक्का म्हणावयाचे ते केवळ आकारापुरते. देवळाचे वा चर्चचे छायाचित्र रिकामे असले तरी तेथील प्रार्थनेचा अंदाज वास्तूवरून येतो, कारण त्या वास्तूचा आकारच भावनेतून घडलेला असतो. धक्क्याचा आकार कामातून घडलेला असतो. काम वगळले की त्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

२

या रिकामेपणाचा इतिहास पाहिला तर त्याची सुरुवात आवडीनिवडीतून झालेली नाही, ती यंत्राच्या मर्यादेतून झालेली आहे. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसमधील ‘बूलव्हार द्यु ताँप्ल’ या हमरस्त्याचे चित्र घेतले. त्या वेळी रस्त्यावर गाड्या, घोडे, माणसे यांची वर्दळ असलीच पाहिजे. परंतु पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत असल्याने हलणारे सारे विरून गेले. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक मनुष्य. छायाचित्रात टिपला गेलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. त्याचे बूट पुसणारा, ज्याचे हात सतत चालू होते, तो मात्र अस्पष्ट डागासारखा दिसतो. जो थांबू शकतो तो चित्रात राहतो आणि जो राबत असतो तो पुसट होतो, हा नियम छायाचित्रकलेच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. त्याला दागेरचा इलाज नव्हता. पुढच्या छायाचित्रकारांना मात्र तो होता.

सागरचित्रांत पहिले मोठे नाव गुस्ताव्ह ल ग्रे याचे. १८५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेत येथे त्याने घेतलेले मोठ्या लाटेचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात एका बाजूला बंदराचा बांध आहे आणि समोरून फुटत येणारी लाट आहे. त्या काळच्या काचपट्टीवर समुद्र नीट उमटेल असा प्रकाश द्यावा तर आकाश पांढरे फटक होई. म्हणून ल ग्रेने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन काचा घेऊन एकच चित्र छापले. ही फसवणूक म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. डोळ्यांना एकत्र दिसणारे दोन भाग यंत्राला एकत्र दिसत नव्हते. त्याने ते जुळवले आणि डोळ्यांच्या अनुभवाशी इमान राखले. त्याचा खरा पराक्रम लाट थांबवण्यात होता. पाण्याला वजन असते, ते बांधावर आदळते, हे त्या चित्रात पाहणाऱ्याला कळते.

दोन चित्रे जोडण्याची हीच युक्ती आपल्या मुंबईत वेगळ्या हेतूने वापरली गेली. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांची चित्रे एकीकडे घेऊन नंतर ती शहरातील दृश्यांवर बसवलेली होती. माणसे खरी होती आणि दृश्येही खरी होती. त्यांचा परस्परसंबंध मात्र छायाचित्रकाराच्या टेबलावर तयार झालेला होता. आमच्याकडच्या स्टुडिओतील रंगीत समुद्राचा पडदा हा या कल्पनेचाच दूरचा आणि निरागस वारस. फरक एवढाच की पडद्यासमोर उभ्या राहणाऱ्याला तो पडदा आहे हे ठाऊक असे.

धक्क्याला त्याचे खरे रूप मिळाले ते चलच्चित्राने. ल्युमिएर बंधूंच्या अगदी पहिल्या चित्रणांपैकी एक जून १८९५ मधील आहे. छायाचित्रकारांच्या परिषदेला आलेले प्रतिनिधी लियाँजवळ नदीतील बोटीतून फळीवरून काठावर उतरतात, काहींच्या हातांत कॅमेरे आहेत, जाता जाता कोणी टोपी उचलतो. छायाचित्रकारच धक्क्यावरून उतरत आहेत आणि कोणीतरी त्यांचे चित्र घेत आहे, हा योग मोठा अर्थपूर्ण वाटतो. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ प्रथम झाले. त्या कार्यक्रमात समुद्रस्नानाचे एक दृश्य होते. मुले एका अरुंद फळीच्या धक्क्यावरून धावत येतात आणि एकामागून एक पाण्यात उड्या टाकतात, पुन्हा काठावर येतात, पुन्हा धावतात. अवघ्या मिनिटभराचे हे दृश्य. भारतातील प्रेक्षकांनी पडद्यावर हलताना पाहिलेला पहिला समुद्रधक्का हा असा होता, माणसांनी भरलेला, ओला आणि घाईचा.

ते खेळ पाहून प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी कॅमेरा मागवला. रँग्लर परांजपे केंब्रिजहून मायदेशी परतले तो १९०१ मधील प्रसंग आणि सर मंचरजी भावनगरी बोटीतून उतरले तो प्रसंग त्यांनी चित्रित केले. आपल्याकडील वृत्तचित्रणाचा आरंभ ज्या दृश्यांनी झाला त्यांत बोटीतून उतरणारा माणूस आहे, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सावेदादांना धक्क्यावर काय पाहावयाचे असते ते अचूक कळले होते. कोणीतरी दूरवर गेलेला परत येतो, आणि त्याच्यासाठी काठावर लोक थांबलेले असतात.

३

म्हणजे यंत्राची मर्यादा संपून शतकाहून अधिक काळ लोटला आहे. आज साध्या भ्रमणध्वनीलाही उडी मारणारे मूल हवेत थांबवता येते. असे असताना धक्का पुन्हा रिकामा का झाला? याचे उत्तर तंत्रात शोधावे लागते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक काळी काच बसवतात. अशा काचेचा एक रूढ प्रकार आत येणारा प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करतो. जे चित्र एरवी सेकंदाच्या तिसाव्या भागात निघाले असते त्यासाठी शटर अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ उघडे ठेवावे लागते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवलेला असल्याने दगड आणि खांब स्पष्ट येतात. लाटा मात्र एकमेकींत मिसळून धुके होतात, आणि धक्क्यावरून डोक्यावर टोपली घेऊन चालत गेलेली बाई त्या अर्ध्या मिनिटात पुसली जाते. ती तेथे होती आणि तिचा प्रकाशही भिंगातून आत गेला होता. परंतु ती कोठेच पुरेशी थांबली नाही, म्हणून चित्राने तिची दखल घेतली नाही.

दागेरच्या बाबतीत जे नाइलाजाने घडले तेच येथे पैसे खर्चून, काच विकत घेऊन घडवले जाते. दोन्हींतील नैतिक अंतर लक्षात घेण्याजोगे आहे.

या पद्धतीचा आजचा सर्वांत नावाजलेला कलावंत मायकेल केना. १९५३ मध्ये इंग्लंडमधील विडनेस या कारखान्यांच्या गावी एका श्रमिक कॅथोलिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. धर्मगुरू व्हावे या इच्छेने तो किशोरवयात सेमिनरीच्या शाळेत होता, आणि तेथील काही वर्षांचा संस्कार त्याच्या मौनप्रिय चित्रांत अनेकांना जाणवतो. धक्के, पाण्यात उभे राहिलेले खांब, बर्फातील कुंपणे हे त्याचे आवडते विषय. काही चित्रांसाठी त्याने कित्येक तास शटर उघडे ठेवले आहे. केनाची चित्रे पाहताना अनुकरण करणाऱ्यांची पोकळी आणि त्याची निःशब्दता यांतला फरक लगेच जाणवतो. त्याच्या चौकटीत रिकामी जागा आहे, पण त्या जागेवर काळ साचलेला आहे. विशेष म्हणजे हाच केना अनेक वर्षे नाझी छळछावण्यांच्या अवशेषांची चित्रे घेत राहिला, आणि त्यांचे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चित्रांतही माणूस नाही. परंतु तेथे माणूस नसणे हाच चित्राचा विषय आहे. ज्यांना नाहीसे करण्यात आले त्यांची अनुपस्थिती तो कुंपणाच्या तारेतून दाखवतो. रिकामेपणा तेथे आरोप करतो. जेथून माणसे खरोखरच गेली आहेत तेथील रिकामेपणा आणि जेथे माणसे असतानाही ती दिसू दिलेली नाहीत तेथील रिकामेपणा, यांत समीक्षेने गल्लत करता कामा नये.

तंत्र स्वतः दोषी नाही, याचा आणखी एक पुरावा मुंबईचाच आहे. ब्राझीलचा छायाचित्रकार सेबास्तियाँव साल्गादो याने १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकाचे एक चित्र घेतले. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या स्पष्ट आहेत आणि त्यांच्यामधून वाहणारी गर्दी अस्पष्ट, पुराच्या पाण्यासारखी आली आहे. येथेही शटर नेहमीपेक्षा जास्त काळ उघडे होते. पण ते कोठे मिटावयाचे याची साल्गादोला जाण होती. आणखी थोडा वेळ ते उघडे राहिले असते तर फलाट रिकामा दिसला असता. थोडा कमी वेळ ठेवले असते तर नेहमीची गर्दी दिसली असती. त्याने निवडलेल्या वेळात माणसांचे चेहरे हरवतात, पण त्यांची धावपळ राहते. शहर माणसांना कसे वाहवत नेते हे त्या अस्पष्टतेतूनच कळते. म्हणजे यंत्र तेच आणि युक्तीही तीच. फरक पडतो तो शटर किती काळ उघडे ठेवावयाचे या निवडीत, आणि ती निवड हा छायाचित्रकाराचा माणसांविषयीचा अभिप्राय असतो.

४

आता आपल्या किनाऱ्याकडे यावे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे घर वा मूळ वसईच्या परिसरात आहे. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा ही नावे त्यांना चित्रांतून शिकावी लागत नाहीत. त्या वाळूवर होड्या ओढलेल्या असतात, बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत असतात, जाळ्यांची शिवण चाललेली असते, आणि हवेला एक वास असतो, ज्याला बाहेरचा मनुष्य नाक मुरडतो आणि आतला मनुष्य भाकरीचा वास म्हणतो. अलीकडे याच किनाऱ्यांवर विवाहपूर्व छायाचित्रणाची मोठी गर्दी होते. त्या चित्रांत होडी असते, परंतु ती वधूने टेकून उभे राहण्यासाठी असते. बोंबलांच्या ओळी चौकटीबाहेर ठेवल्या जातात. उन्मळून पडलेले सुरूचे झाड मात्र हमखास आत घेतले जाते, कारण त्याच्या मुळांचा आकार देखणा असतो. ते झाड का पडले, समुद्राने किनारा किती आत खाल्ला, हा प्रश्न चित्राला पडत नाही. किनाऱ्याची झीज ही ज्यांच्या घराची झीज आहे, त्यांना तेच झाड वेगळे दिसते.

दापोली तालुक्यातील हर्णैचे उदाहरण याहून बोलके आहे. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, आणि पाण्यात शिरून होड्यांतून मासळी उतरवून आणणाऱ्या बैलगाड्या. गुडघाभर पाण्यातील बैल, मागे मावळता सूर्य, असे चित्र ज्याच्या संग्रहात नाही असा कोकणात गेलेला छायाचित्रकार विरळा. चित्र सुंदर आहे यात शंका नाही. परंतु त्या सौंदर्याचे कारण काय, हे विचारले तर उत्तर अवघडून टाकणारे आहे. बैलगाडी पाण्यात शिरते, कारण होडीला लागावयास नीट धक्का नव्हता. तेथील मच्छीमारांनी धक्क्याची मागणी वर्षानुवर्षे केली. म्हणजे ज्या गोष्टीच्या अभावी तेथील माणसाचे हाल झाले त्या अभावालाच आपण निसर्गरम्य म्हणत आलो. अशा चित्राचा आस्वाद घेऊ नये असे मी म्हणत नाही. त्या आस्वादात ही जाणीव मिसळली की चित्र उणे होत नाही, खोल होते, एवढेच म्हणणे आहे. ज्या रँग्लर परांजप्यांचे परतणे सावेदादांनी टिपले त्यांचे मुर्डी हे गाव हर्णैपासून जवळच आहे, हे येथे सहज आठवते.

मुंबईतील ससून गोदी १८७५ मधील. पहाटे तेथे मासळीचा बाजार भरतो, बाया ओळीने बसून कोळंबी सोलतात. बंदरांच्या हद्दीत सुरक्षिततेच्या कारणास्तव छायाचित्रणावर निर्बंध असतात, त्यामुळे तेथील श्रमाचे चित्र बाहेर फारसे येत नसे. २०१७ च्या अखेरीस या गोदीत एक कलाप्रदर्शन भरले. जेआर या फ्रेंच कलावंताच्या उपक्रमाच्या धर्तीवर तेथील कोळी आणि कामगार स्त्रीपुरुषांचे भव्य चेहरे भिंतींवर लावण्यात आले. ज्या जागेच्या चित्रांत माणूस क्वचित दिसे, त्या जागेने स्वतःच्या अंगावर माणसांचे चेहरे धारण केले. या प्रदर्शनाविषयी एक शंका नोंदवावयास हवी. चेहरा मोठा केला की माणूस प्रतीक होतो, आणि हातांतले काम चौकटीबाहेर जाते. कोळंबी सोलणाऱ्या बोटांना पडणाऱ्या चिरा त्या भव्य चेहऱ्यांत दिसत नाहीत. तरीही दिशा योग्य होती, कारण ज्यांची चित्रे होती त्यांनाच ती रोज कामावर येता-जाता दिसत होती.

भाऊच्या धक्क्याची तर गोष्टच निराळी. कोकणातून येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिढ्यांनी मुंबईत पहिले पाऊल तेथे टाकले. १७ जुलै १९४७ रोजी येथूनच रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची ही दुर्घटना कोकणातील घराघरांत आजही आठवली जाते. त्या धक्क्याचे कोणतेही चित्र पाहताना ज्याला ही हकीकत माहीत आहे त्याला रिकामा धक्का शांत वाटणार नाही. तेथे परतीची वाट पाहणारे उभे दिसतील. पाहणाऱ्याच्या स्मृतीने चित्र पुरे होते ते असे. परंतु स्मृतीला धरावयास चित्राने काहीतरी द्यावे लागते, मग तो एखादा दोर असेल, एखादे बोचके, किंवा पायरीवरचा ओलावा.

५

हे सारे समुद्राचे झाले. आमच्या इंदापूर तालुक्याला त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि तालुक्याच्या उत्तरेला एक विस्तीर्ण जलाशय पसरला. त्याला नाव मिळाले यशवंतसागर. सागर या शब्दाबरोबर सागरचित्रांचे संकेतही आमच्याकडे चालत आले. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ येथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागून मोठमोठी भिंगे घेतलेले छायाचित्रकार येतात. पक्ष्यांची चित्रे उत्तम निघतात, आणि त्यांमुळे काही नावाड्यांना उत्पन्नही मिळते. मासेमाराची होडी या चित्रांत येते ती मात्र सूर्यबिंबापुढील काळी आकृती म्हणून. त्या आकृतीला चेहरा नसतो. जाळ्यात चिलापी किती, आणि तिला भाव काय, हे काळ्या आकृतीला विचारता येत नाही.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून आमच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुले होती. एक प्रवासी पोहत काठावर आला. पाणी साठल्यापासून दोन्ही काठांची गावे एकमेकांना दुरावली. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक बोटीने जातात. लग्न, बाजार, माहेर, दवाखाना सारे त्या बोटीवर अवलंबून. पुलाची मागणी जुनीच होती. या दुर्घटनेचा दोष छायाचित्रांवर लादणे बालिशपणाचे होईल. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उजनीच्या होड्यांची असंख्य चित्रे आपण त्याआधी पाहिली होती, शेअर केली होती, वाखाणली होती. त्यांपैकी एखाद्या चित्राने तरी होडीत किती माणसे बसतात, अंगावर तरंगजाकीट आहे की नाही, उतरण्याच्या जागी पायरी आहे की चिखल, हे आपल्या नजरेत भरवले होते काय? मी पाहिलेल्या चित्रांत ते नव्हते. होडी आपल्याला शोभेची वस्तू म्हणून परिचित झाली होती. ती वाहन आहे हे आपल्याला बातमीतून कळले.

याच जलाशयात पळसदेवचे प्राचीन मंदिर बुडालेले आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की ते उघडे पडते आणि लोक ते पाहावयास व टिपावयास जातात. कोरड्या पडलेल्या तळाच्या भेगा आणि त्यांतून वर आलेले शिखर हे दृश्य विलक्षण आहे. येथे पोकळीला अर्थ आहे, कारण येथून एक गाव खरोखरच उठून गेले. चांगल्या छायाचित्रकाराने या चित्रात मंदिराबरोबर जोत्यांच्या रेषाही घ्याव्यात, म्हणजे देव कोठे होता याबरोबर माणसे कोठे राहत होती हेही दिसेल.

गालीलचा समुद्रही वास्तविक गोड्या पाण्याचे सरोवरच आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८६ मध्ये दुष्काळाने त्याचे पाणी ओसरले तेव्हा गिनोसरजवळच्या चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मासेमारी नौका सापडली. निरनिराळ्या जातींच्या लाकडांनी पुन्हा पुन्हा डागडुजी केलेली ती नाव पाहून तिच्या मालकाची परिस्थिती अभ्यासकांना समजली. शुभवर्तमानातील किनाऱ्याची वर्णने या दृष्टीने वाचावीत. तेथे सूर्यास्त नाही, क्षितिज नाही. कोळी जाळी धूत आहेत, रात्रभर राबून काही हाती लागलेले नाही, काठावर कोळशांचा विस्तव आहे व त्यावर मासळी आहे, आणि जाळ्यातील मासे मोजून आकडा सांगितलेला आहे. वर्णन करणाऱ्याला किनारा ठाऊक होता तो असा, कामाच्या तपशिलातून. दोन हजार वर्षे तो किनारा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याचे एक कारण हा तपशीलच असावा.

६

या विवेचनातून काही कसोट्या हाती येतात. पहिली, चित्रातील धक्का कशासाठी बांधला आहे हे चित्रावरून कळते काय? दुसरी, चित्रातील रिकामेपणा त्या जागेचा आहे की छायाचित्रकाराच्या सोयीचा? तिसरी, जे सुंदर दिसते आहे ते कोणाच्या अडचणीवर उभे आहे काय, आणि असल्यास चित्राला त्याची जाणीव आहे काय? या कसोट्यांनी प्रत्येक चित्र सामाजिक व्हावे अशी अपेक्षा नाही. एकांताची, केवळ प्रकाशाची, केवळ पाण्याच्या हालचालीची चित्रे निघावीत आणि निघतात. ल ग्रेच्या लाटेत माणूस दिसण्याची गरज नव्हती, कारण तेथे समुद्राला समुद्र राहू दिलेले होते. आक्षेप आहे तो समुद्राला धुके आणि धक्क्याला रेघ करून टाकणाऱ्या तयार साच्यावर.

आमच्या भागातील तरुणांच्या हाती आज उत्तम कॅमेरे आहेत. लग्नसराईत त्यांवर त्यांची उपजीविकाही चालते. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की काळी काच घरी ठेवून एखाद्या सकाळी कळाशीच्या किंवा भिगवणच्या काठावर जावे. पाण्यातून काठावर उतरणाऱ्या म्हातारीला कोण हात देतो ते पाहावे. ती पाऊल कोठे टेकवते ते पाहावे. त्या क्षणाचे चित्र घेण्यास सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. कॅलेंडरवर ते चित्र लागणार नाही कदाचित. पण पुढे कधी त्या काठावर पायरी बांधली गेली, तर ती का बांधावी लागली हे त्या चित्रावरून कळेल.